लायनसनं सांगितलेला गिअर

लायनस ब्रोकॅम्पच्या उजव्या बुटाची टाच डाव्याच्या आधी झिजायची. बूट कितीही नवे असोत. जत्रेतल्या ओढीच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी तो पट्टीवर हजर व्हायचा, उजवी टाच मातीत रोवायचा, गर्रकन फिरवायचा आणि झालेल्या खळग्यातली चिमूटभर माती बोटांत मळायचा. मातीची वळी झाली तर एक गिअर, भुगा झाला तर दुसरा. वीस-वीस पावलांवर असं करत तो पट्टीच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. तोवर कुंपणापाशी पाच-सात जण कॉफीचे पेले धरून उभे असायचे. लायनस काय म्हणतो ते ऐकल्याशिवाय आपल्या ट्रकच्या गिअरच्या दांड्याला हात लावायचा नाही, अशी आमच्या सेंट लॅम्बर्टच्या लोकांची रीत होती.

ओहायोच्या या पश्चिम कडेला मका आणि सोयाबीनशिवाय बघण्यासारखं काही नाही. जुलै-ऑगस्टात जत्रा भरते, आणि जत्रेत लोक बाकी काहीही चुकवतील, ट्रकांची ओढ चुकवत नाहीत. तीनशे फुटांची मातीची पट्टी. ट्रकच्या मागं साखळीनं बांधलेला लोखंडी गाडा, आणि त्या गाड्यावर वजनाची पेटी. ट्रक जसा पुढं जाईल तशी ती पेटी गाड्यावरून पुढं सरकत येते, गाड्याचं नाक मातीत रुततं, आणि सुरुवातीला वासरागत उधळलेला ट्रक अडीचशे फुटांवर जागच्या जागी चाकं फिरवत मरतो. कोण लांब जाऊन मेला, एवढंच मोजायचं.

एकदा ट्रक हलला की गिअर बदलायची सोय नाही. क्लच दाबला की ओढ संपली. म्हणून सगळं आधी ठरवायचं: वरची रांग की खालची, म्हणजे हाय की लो, आणि लोमध्ये दुसरा की तिसरा. खालचा घेतला तर जोर भरपूर येतो, पण चाकाला वेग मिळत नाही आणि भुसभुशीत मातीत ट्रक लवकर बसतो. वरचा घेतला तर वेग मिळतो, पण चिकट मातीत इंजिनाचा गळा आवळला जातो. यातला मधला धागा लायनसला बोटांनी कळायचा.

त्या हातांना एरवी काही रूप नव्हतं. डाव्या हाताची दोन बोटं विसाव्या वर्षी धान्य वर चढवणाऱ्या मळसूत्रात गेलेली. तरी त्याच हातानं तो तीस वर्षं धान्याच्या कोठारावर वेल्डिंग करत होता. चार पोरी होत्या, चारी लग्न होऊन गेलेल्या. घरात तो आणि त्याची बायको लोरीन, आणि घरामागच्या शेडमध्ये ओढीचा तो ट्रक, डिझेलचा पिकअप. गारांनी पोचे पडलेला, रंग कुठला ते आता सांगता येऊ नये असा. फेब्रुवारीपासून लायनस त्याच्याखाली उताणा पडायचा. मागच्या पाट्यांत लोखंडी ठोकळे घालायचा, म्हणजे ओढताना बूड खाली बसणार नाही. पुढं ट्रॅक्टरची वजनं टांगायचा, एकेक कमी-जास्त करून, कारण पुढची चाकं उचलली तर अर्धी ताकद वाऱ्यावर जाते. गाड्याची साखळी अडकवायच्या हुकाची उंची जमिनीपासून सव्वीस इंच, नियमात जेवढी बसते तेवढी, केसभर खाली नाही. टायरांच्या नक्षीच्या कडा ग्राइंडरनं धारदार करायचा. आणि मग टायरमधली हवा.

हवेचा आकडा तो कुणालाच सांगत नसे. लोरीन चारचौघांत म्हणायची, "ह्याच्या पोटात दोन गोष्टी राहत्यात, पाप आनि टायरची हवा. पाप निदान पाद्र्याच्या कानावर तरी जातं."

हवा सगळेच लपवायचे. त्याला कोणी नाक मुरडत नसे. पण गिअर विचारला तर खरा सांगायचा, हे आमच्यात पक्कं होतं. ओढ भरवणाऱ्या आमच्या क्लबच्या नियमपुस्तकात ते कुठं लिहिलेलं नाही. कारण साधं आहे. हवा चुकली तर ट्रक दहा फूट मागं राहतो. गिअर चुकला तर ट्रक मोडतो, आणि मोडताना आत बसलेल्याला बरोबर घेतो. बियर पोटात गेल्यावर एकमेकांच्या आया-बहिणींचा उद्धार करणारी माणसंही गिअर खरा सांगायची. मी बत्तीस वर्षं ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर बसलोय, क्लबच्या कारभाराची वहीही मीच लिहितो. गिअर खोटा सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं.

लायनसला एकच माणूस भारी पडायचा, अँब्रोज वुबकर. अँब्रोज दुधाचा टँकर चालवायचा. गडगड्या आवाजाचा, पोट सुटलेला, हसला की खिडकीची काच हलावी असा माणूस. त्याचं आणि लायनसचं शाळेपासूनचं. दोघांनी आपापल्या ट्रकांचे दोन्ही आस एकाच भंगारवाल्याकडून, एकाच वेळी घेतलेले, दात एकाच मोजणीचे. त्यामुळं एकाला जो गिअर जमेल तोच दुसऱ्याला. दरवर्षी मोसमाच्या शेवटी गुण मोजले की अँब्रोज पहिला आणि लायनस दुसरा. अकरा वर्षं असंच चाललं होतं. अँब्रोज जिंकला की लायनसच्या पाठीत थाप मारायचा आणि म्हणायचा, "तुझ्या टाचंमुळं जिंकलो गड्या." त्यात खोच नव्हती. पण अकरा वर्षं तीच थाप त्याच जागी बसली की पाठ हुळहुळायला लागते, हे मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

बाराव्या वर्षी दोघांचे गुण सारखे झाले. शेवटची ओढ ऑगस्टातली, शनिवारी दुपारी. लायनसला अठ्ठावन्न पुरी झाली होती, पाठ साथ देत नव्हती, पुढच्या वर्षी ट्रक काढायचा नाही असं तो लोरीनला बोलला होता.

त्या दिवशी पाणी मारणाऱ्या टँकरवाल्यानं घोळ केला. पट्टीच्या पहिल्या दीडशे फुटांवर त्याचा नळ अडकला आणि पाणी जास्त पडलं, पुढच्या अर्ध्यात कमी. पहिला अर्धा चिकट, दुसरा भुगा. अशा पट्टीवर सगळ्यांचीच पंचाईत. चिठ्ठ्या निघाल्या. लायनस आठवा, अँब्रोज अकरावा.

लायनस गेला तेव्हा अँब्रोजचा ट्रक माझ्या काट्यावर होता. काट्याशेजारी जनरेटर धडधडत होता, मैदानावरचा आवाज नीट येत नव्हता. तरी मला वाटलं, लायनसचं इंजिन तिसऱ्यात ओरडतंय. दोनशे अठ्ठ्याऐंशी फूट गेला. त्या दिवशीचा तोवरचा सगळ्यांत लांब. ट्रक लावून तो चालत काट्याकडं आला. अँब्रोजनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"कुठला रं?"

लायनस वाकून अँब्रोजच्या पुढच्या चाकाकडं बघत होता. तसाच वाकलेला राहून म्हणाला, "लो-दुसरा. पयल्या निम्म्यात चिखल हाय. तिसऱ्यात गेलास तर तिथंच मरशील."

"मला तर तिसराच वाटत व्हता."

"मग टाक तिसरा. ट्रक तुझा हाय."

"न्हाई बाबा. तू म्हनतोस म्हंजी दुसरा."

मी अँब्रोजच्या हातात वजनाची चिठ्ठी दिली. आठ हजारांची मर्यादा, त्यात सहा पौंड कमी. मला आवाज तिसऱ्याचा वाटला होता, हे मी बोललो नाही. लायनस बोलतोय आणि जनरेटर वाजतोय, आपल्या कानांचा काय भरवसा, असं म्हणून गप्प बसलो.

अँब्रोज लो-दुसऱ्यात निघाला. चिकट मातीनं चारी चाकांना धरलं, आणि खालच्या गिअरचा सगळा जोर इंजिनापासून चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टवर गेला. चाक घसरलं असतं तर जोर सुटला असता, पण माती सोडेना. एकशे दहा फुटांवर, अगदी ड्रायव्हरच्या पायांखालचा शाफ्टचा सांधा, क्रॉस, तुटला. मोकळा झालेला शाफ्ट मुसळासारखा गरगर फिरला. असं झालं तर शाफ्टला धरून ठेवायला त्याच्याभोवती जाड लोखंडी कडं बोल्टांनी आवळलेलं असतं. कडं होतं, पण त्याचे बोल्ट तुटले. शाफ्ट कडं घेऊनच ट्रकच्या तळाचा पत्रा फाडून वर आला.

गाडा लगेच थांबला. आम्ही पळत गेलो. अँब्रोज शुद्धीवर होता. त्यानं खाली बघितलं नाही, समोर बघत राहिला. म्हणाला, "रोझेलाला जवळ येऊ देऊ नका." रोझेला म्हणजे त्याची बायको. ती तोवर आलेली होती.

उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दुधाच्या टँकरवर मग दुसरा माणूस आला.

त्या दिवसाची ओढ तिथंच थांबवली, पण तोवर झालेली अंतरं धरली. लायनस मोसमाचा पहिला ठरला. बक्षिसाचा बिल्ला मी त्याच्या घरी नेऊन दिला. लोरीननं दारातच घेतला आणि कुठं ठेवला ते मी विचारलं नाही.

असं काही घडलं की लोकांना खापर फोडायला एक माणूस लागतो. तो होता क्लीटस होमन. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं तो सगळ्या ट्रकांची तपासणी करायचा. पाठीखाली पुठ्ठा घालून एकेका ट्रकखाली सरकायचा, कड्याच्या एकेका बोल्टला पाना लावून बघायचा, आणि घट्ट असला तर बोल्टाच्या डोक्यावरून पत्र्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. रेघ सरळ असली की बोल्ट हललेला नाही. आम्हा सगळ्यांना ट्रकच्या पोटाखालचं जग त्यानंच शिकवलेलं, लायनसलाही आणि अँब्रोजलाही. अँब्रोजच्या कड्याचे चार बोल्ट होते. त्यातले दोन रेघेसकट सापडले. बाकीच्या दोनांची डोकी तुटून उडाली ती चिखलात कुठं गेली कळलं नाही. लोकांनी मग हिशेब जमवला: म्हाताऱ्याची नजर गेली, त्यानं दोन बोल्ट बघितलेच नाहीत, सैल बोल्टांमुळं कडं सुटलं.

क्लीटस म्हणत होता, चारही बघितले.

ऑक्टोबरात एका रविवारी, चर्चनंतर, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा झाली. हॅमचे सँडविच होते, कॉफी होती. क्लीटस टोपी हातात धरून उभा राहिला आणि तेच वाक्य त्यानं परत सांगितलं. कोणी त्याला वाईट बोललं नाही. "वय झालं, क्लीटस, आता आराम करा," असंच सगळे म्हणाले, आणि त्याचं तपासनिसाचं कार्ड काढून घ्यायचं का यावर हात वर करायला सांगितलं. मी मोजत होतो. मागच्या रांगेत लायनसचा तीन बोटांचा डावा हात वर होता. तोही मी मोजला.

त्यानंतर क्लीटस रोज मैदानावर दिसायला लागला. हिवाळ्यात तिथं कुत्रंही फिरकत नाही. म्हाताऱ्यानं भंगारातल्या स्पीकरचं मोठं चुंबक काढून दोरीला बांधलं होतं, आणि ते ओढत तो पट्टीवर वर-खाली चालायचा. शंभर ते दीडशे फुटांमधली माती त्यानं हातानं उकरली. खिळे मिळाले, वायसर मिळाले, बियरच्या बाटल्यांची टोपणं मिळाली. त्याच्या मुलीनं, मार्सेलानं, त्याला थांबवायला बघितलं. तो म्हणायचा, ती दोन डोकी सापडली की रेघ दिसेल. कोठारावरून परतताना लायनसचा रस्ता मैदानाच्या कडेनं जायचा. रोज संध्याकाळी चार वाजता त्याला तो दिसायचा. महिनाभरानं लायनस लांबच्या रस्त्यानं घरी जायला लागला. हे मला लोरीननं सांगितलं. कारण तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, म्हाताऱ्याची दशा त्याला बघवत नाही.

फेब्रुवारीत मी फाटकाची बिजागरी जोडून घ्यायला लायनसच्या शेडमध्ये गेलो होतो. नेहमीच्या वर्षी या दिवसांत त्याचा ट्रक ठोकळ्यांवर चढलेला असायचा. त्या वर्षी तो ताडपत्रीखाली होता. लायनस काच तोंडावर ओढून वेल्डिंग करत होता, तेवढ्यात क्लीटस आत आला. मार्सेलाची गाडी बाहेर उभी होती. त्यानं स्वतः गाडी चालवणं सोडलंय हे मला तेव्हाच कळलं.

त्यानं कोटाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालात एक बोल्टाचं डोकं होतं. ते लायनसच्या बाकावर ठेवलं.

"गावलं. एकशे बावीस फुटांवर, वीतभर खोल."

लायनसनं काच वर केली. हात लावला नाही.

"ह्याच्यावर रंग न्हाई," क्लीटस म्हणाला. "मी भिंगानं बघितलं, मार्सेलानं बघितलं. तू बघ. तुझी नजर चांगली हाय."

मी म्हणालो, सहा महिने चिखलात राहिलं, वरून माती सपाट करणारा ग्रेडर फिरला, रंग कुठून राहील. आणि ते अँब्रोजच्याच ट्रकचं कशावरून, तिथं तीस वर्षं ट्रक मोडतायत.

"तो रंग जात न्हाई. मी सोता पारखून आनला व्हता." क्लीटस माझ्याकडं बघून बोलला, पण माझ्याशी बोलत नव्हता. "मला सगळं लख्ख आठवत व्हतं. चारी बोल्ट, पाना, रेघ. म्हंजी मला जे आठवतं ते झालेलंच न्हाई. मग बाकीचंबी काय आठवतंय कोन जानं. मार्सेलाची आय मरताना काय बोलली ते मला आठवतं. ते तरी खरं का?"

लायनस स्टुलावर बसला. वेल्डिंगचा हातमोजा काढला, परत घातला. मग म्हणाला, "क्लीटस, तुमी बोल्ट बघितले व्हते. चारी. मी अँब्रोजला खोटा गिअर सांगितला."

क्लीटस हातातल्या रुमालाची घडी करायला लागला.

"मी तिसऱ्यात गेलो व्हतो. त्याला दुसरा सांगितला. मला वाटलं चाकाला वेग कमी पडंल, पुढच्या भुग्यात बसंल, ईस फूट मागं राहील. तेवढंच पाहिजे व्हतं मला. पयल्या निम्म्यातल्या चिखलाचं माझ्या तोंडात व्हतं, डोक्यात आलं न्हाई. दुसऱ्यात त्या चिखलातनं जाताना कुठलंच कडं टिकलं नसतं. बोल्ट कितीबी आवळा. तुमची काय चूक न्हाई."

माझ्या हातातली बिजागरी मी खाली ठेवली. जनरेटरच्या आवाजातून ऐकलेला तो तिसरा गिअर माझ्या कानात परत वाजला.

क्लीटसनं लायनसच्या खांद्यावर हात ठेवला. लहान पोरांच्या खांद्यावर ठेवतात तसा.

"तू लई चांगला हाईस," तो म्हणाला. "पन माझ्यापायी असलं काय बोलू नको. गिअर कोन खोटा सांगत न्हाई. तू तर न्हाईच न्हाई. तुला मी शिकिवलाय."

लायनस म्हणाला, खरं सांगतोय. आईची शपथ घेतली. क्लीटस नुसता मान हलवत राहिला, आणि बोल्टाचं डोकं रुमालात बांधून घेऊन गेला. जाताना उंबऱ्याला अडखळला. मार्सेलानं त्याला धरून गाडीत बसवलं.

लायनस मला म्हणाला, "चल माझ्यासंगं. एकट्यानं जमायचं न्हाई."

आम्ही अँब्रोजकडं गेलो. तो स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता. लाकडी नव्हे, चांगला बनवलेला पाय मिळाला होता, पण पँट वर दुमडलेली आणि तो पाय शेजारच्या खुर्चीवर काढून ठेवलेला. रोझेलानं कॉफी ओतली. लायनसनं उभ्यानंच सांगितलं, शेडमध्ये जसं सांगितलं तसंच. रोझेलाचा हात किटलीवर तसाच राहिला.

अँब्रोज हसला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "सहा म्हैनं लागलं तुला."

"तुला ठाऊक व्हतं?"

"दवाखान्यात पडल्या पडल्या दुसरा उद्योग काय? एकशे दहा फूट मी त्या इंजिनाचा आवाज ऐकला. तुझा ट्रक मी बारा वर्षं ऐकतोय. त्या मातीत लो-दुसऱ्यात तू दोनशे अठ्ठ्याऐंशी जाऊच शकत न्हाईस. तिसऱ्या दिवशी माझा हिशेब जुळला. मग म्हटलं, येईल आज. येईल उद्या. ऑक्टोबरात क्लीटसचं कार्ड काढलं तवा म्हटलं, आता तर येनारच. तू हात वर केलास म्हनं."

लायनस खाली बघत होता.

"तुमी का बोलला न्हाई?" रोझेलानं नवऱ्याला विचारलं.

"मी बोललो असतो तर ते माझं बोलनं झालं असतं. लंगडा झालाय, डोकं फिरलंय, म्हनले असते." अँब्रोजनं कॉफीचा कप पुढं ओढला. "लेंटमधली, उपासातली सभा हाय पुढच्या म्हैन्यात. तिथं सांग. क्लीटससाटी सांग. माझ्यासाटी नको, माझा पाय काय सभेत उगवनार न्हाई. आनि आता जा. कॉफी ओतलीया, पन तू पिऊ नको."

लायनसनं कपाला हात लावला नव्हता. आम्ही बाहेर पडलो.

मार्चमधली सभा शुक्रवारी दुपारी झाली. लेंटच्या उपासात मांस चालत नाही, म्हणून तळलेल्या माशांच्या पराती होत्या. लायनस उठला आणि बोलला. चार वाक्यांत संपवलं. हॉलमध्ये चमच्यांचा आवाज थांबला. कुणीतरी अँब्रोजकडं बघितलं, त्यानं मान हलवली, एवढ्यानं सगळ्यांना पटलं. मग जे झालं ते मी वहीत लिहिलंय, पण वहीत लिहिण्यासारखं त्यात फार नव्हतं. नियमपुस्तक चाळलं. खोट्या गिअरबद्दल त्यात ओळ नव्हती, त्यामुळं लायनसला द्यायला शिक्षाही नव्हती. लायनसनं स्वतःच सांगितलं, बिल्ला परत घ्या, माझं नाव काढा. ते झालं. क्लीटसला कार्ड परत द्यायचं हेही ठरलं. हात वर झाले, यावेळी सगळे. लायनसनं हात वर केला नाही. आपल्याला तो हक्क नाही, असं त्याला वाटलं असावं. जेवायला त्याच्या टेबलाशी कोणी बसलं नाही. त्यानं ताट उचललं, परातीत परत मासा ठेवला आणि गेला.

कार्ड आणि क्लबचं पत्र क्लीटसला पोचवायचं काम माझं. तो आता मार्सेलाकडंच राहत होता, मागच्या खोलीत. खिडकीपाशी खुर्चीत बसलेला, गुडघ्यांवर पांघरूण. मी पत्र वाचून दाखवलं. सभेत लायनस काय बोलला तेही सांगितलं, कोण कोण होतं, अँब्रोजनं मान कशी हलवली, सगळं. मला वाटत होतं, आता तरी.

त्यानं कार्ड हातात घेतलं. भिंगाखाली धरून स्वतःचं नाव वाचलं. मग परत माझ्या हातात दिलं.

"हे घिऊन जा."

मी म्हणालो, "क्लीटस, सगळ्या क्लबनं मान्य केलंय. तुमची चूक नव्हती."

"क्लबला माझी दया आली. आनि त्यापायी तुमी सगळ्यांनी मिळून लायनसला चोर केला." त्याचा आवाज चढला नव्हता. "अँब्रोजसुद्धा त्यात. पाय गेलेला मानूस, तरी माझ्यासाटी खोटं बोलला. मला ठाऊक हाय तुमचं मन. पन मी म्हातारा मानूस, माझं नाव गेलं तर किती दिसांचं? लायनसला अजून जगायचंय. त्याचं नाव माझ्यापायी घालवू नका. बोल्ट मी बघितला नव्हता. ते डोकं माझ्या खिशात हाय."

मी बरंच सांगितलं. मार्सेलानंही सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी मार्सेला म्हणाली, आता पुरे, ते दमलेत.

मी थेट लायनसच्या शेडकडं गेलो. ताडपत्री काढलेली होती. त्यानं ट्रकचं पुढचं तोंड उघडलं होतं, वजनं भिंतीला लावून ठेवली होती, आणि मागचा आस सोडवून आधाराच्या लाकडी घोड्यांवर घेतला होता. भंगारवाला उद्या येणार म्हणाला. मी त्याला कार्ड दाखवलं आणि क्लीटस बोलला ते बोलला तसंच सांगितलं. काही कमी केलं नाही. कमी केलं असतं तर तेही खोटंच झालं असतं.

लायनस आसावर हात टेकून उभा राहिला. डाव्या हाताची तीन बोटं काळी झाली होती.

"माझं नाव वाचवायला म्हनला?"

"हो."

"आता कुनाला सांगू मी?"

मी कार्ड परत पाकिटात घातलं. त्यानं आसाच्या एका टोकाकडं बोट केलं, मी तिकडनं धरलं, आणि आम्ही दोघांनी तो जड आस उचलून बाहेर बर्फाच्या चिखलात नेऊन ठेवला.

क्लीटस मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात. त्यानं मार्सेलाला सहा नावं लिहून दिली होती. त्यात पहिलं लायनसचं होतं.